दहापैकी सात

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा बंगळूरला एका इंग्रजी मासिकात होतो. नोकरी मुद्रितशोधनाची; पण मी संगणकावरचे गेम खेळतो हे कळल्यावर संपादकांनी मागच्या चार पानांचे कामही माझ्याकडे दिले. काम सोपे दिसत होते. महिन्याला तीन गेम यायचे, प्रत्येकावर चारशे शब्द लिहायचे आणि शेवटी एक चौकट भरायची : चित्रण, ध्वनी, खेळण्यातली मजा, पैशाचा मोबदला. चारही रकान्यांत दहापैकी गुण, खाली सरासरी, आणि ती सरासरी ठळक टाइपात. पानाची मांडणी आधी व्हायची, त्यामुळे मांडणी करणारा मुलगा मजकुराच्या आधी आकडा मागायचा. शब्द सावकाश दिले तरी चालत. आकडा दुपारपर्यंत लागायचा.

त्या वर्षी एका छोट्या भारतीय गटाने केलेला गेम आला. एक नदी, तिच्या काठचे गाव आणि एक पूल. त्या पुलापाशी मी अडकलो. चार तास खेळून झाले होते, पाने दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती. मी सात दिले. सात द्यायला काही लागत नाही. नऊ दिले तर कारण सांगावे लागते, चार दिले तर करणारे रागावतात. सात म्हणजे 'बरा आहे', आणि कधी कधी सात म्हणजे 'मला आता घरी जायचे आहे'.

तीन वर्षांनी एका हॉटेलच्या सभागृहात गेम करणाऱ्यांचा मेळावा होता. चहाच्या रांगेत एक तरुण माझ्या गळ्यातल्या कार्डावरचे नाव वाचून मराठीत बोलू लागला. तो त्या गटातला होता, मूळचा सांगलीकडचा. आवाजात तक्रार नव्हती. त्याने एवढेच विचारले, "सर, तुम्ही पूल ओलांडला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

"मला वाटलंच," तो म्हणाला. "आमचा गेम खरा तर पुलाच्या पलीकडं सुरू होतोय."

मग त्याने मला बिस्किटे पुढे केली आणि विषय बदलला. त्याच्या त्या सौजन्याने मला जेवढे ओशाळवाणे वाटले तेवढे भांडणाने वाटले नसते. पुढे मी पुस्तकांवर लिहू लागलो, मराठीतच लिहू लागलो. पण तो प्रश्न सुटला नाही. गेमच्या परीक्षणाकडे मी आज पाहतो आहे तो त्या प्रश्नातूनच.

गुण देण्याची ही रीत साहित्याच्या समीक्षेतून आलेली नाही. तिचे नाते वस्तूंच्या तपासणीशी आहे. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांची मासिके निघू लागली. स्पेक्ट्रम या संगणकासाठीचे 'क्रॅश' हे मासिक १९८४ साली सुरू झाले. त्यात चित्रण, खेळण्याची सोय, पैशाचे मोल आणि चक्क 'चटक लावण्याचा गुण' यांना वेगवेगळे टक्के दिले जात. जपानमधल्या 'फामित्सू' या मासिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देत आले. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम ठरला १९९८ सालचा 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम'. मिक्सर घेताना आपण मोटार, भांडी आणि हमी यांची तुलना करतो, तसाच हा प्रकार. त्यात गैर काही नाही. आजही एखादा मोठा नवा गेम चार-पाच हजार रुपयांना पडतो. तेवढे पैसे टाकण्याआधी कुणीतरी प्रामाणिकपणे 'घ्या' किंवा 'घेऊ नका' सांगावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

अडचण सुरू झाली ती या आकड्यांची बेरीज होऊ लागल्यावर. 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ २००१ साली सुरू झाले. निरनिराळ्या परीक्षणांतले गुण ते शंभराच्या मापात बसवते आणि त्यांची भारित सरासरी काढते. कुणाच्या मताला किती भार, हे ते उघड करत नाही. सरासरीला रंग असतो : हिरवा, पिवळा, लाल. गंमत अशी की चित्रपटाला ६१ मिळाले की हिरवा रंग लागतो. गेमला त्यासाठी ७५ लागतात. पन्नासच्या खाली गेला की गेम लाल, चित्रपट मात्र चाळीसपर्यंत पिवळ्यात तग धरतो. म्हणजे गेमला गुण देणारे इतके सढळ, की मोजपट्टीच वर सरकवावी लागली.

महाराष्ट्रात दहावी झालेल्याला हे आकडे लगेच ओळखू येतील. आमच्या गुणपत्रिकेत ३५ ला उत्तीर्ण, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. गेमच्या जगात विशेष प्रावीण्य मिळाले तरच पोरगे पास. प्रथम श्रेणीवाल्याच्या घरी सुतक. दहापैकी एक ते पाच हे आकडे जवळजवळ वापरातच नाहीत. सगळी समीक्षा सहा ते नऊच्या चिंचोळ्या बोळात चालते, आणि त्या बोळात अर्ध्या गुणावरून धक्काबुक्की होते.

ती धक्काबुक्की पोटावर येते. 'फॉलआउट : न्यू व्हेगस' हा गेम २०१० साली आला. तो ऑब्सिडियन या कंपनीने केला, बेथेस्डाने प्रकाशित केला. ऑब्सिडियनच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितले, की मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले असते तर कंपनीला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. आज तो गेम आपल्या काळातल्या उत्तम भूमिकाप्रधान गेममध्ये गणला जातो, पण बोनस काही परत आला नाही. त्या ८४ मध्ये कुणाचा तरी माझ्यासारखा घाईतला सात मिसळला असेल, असा दावा मी करत नाही. पण तो वेगळा काढता येत नाही, हीच तर सरासरीची सोय आहे. तिच्यात प्रत्येकाचा आळस सुरक्षित राहतो.

आकडा दुसऱ्या बाजूनेही वाकवता येतो. २००७ साली 'गेमस्पॉट' या संकेतस्थळावर जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा दिले. त्याच सुमारास त्याच गेमच्या जाहिराती तिथे झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यात आले; त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यांनी २०१२ साली स्वतः सांगितले. सहा म्हणजे आमची प्रथम श्रेणी! परीक्षणात काय लिहिले होते यावर कुणी भांडले नाही. भांडण आकड्यावर झाले.

हे वाचताना साहित्याच्या वाचकाला हायसे वाटेल : आमच्याकडे बरे, पुस्तकाला कुणी गुण देत नाही. मलाही तसेच वाटायचे. मराठीत पुस्तकांवर लिहू लागलो तेव्हा चौकटीतून सुटलो म्हणून मी खूश होतो. मग एके दिवशी माझेच जुने लेख चाळताना चार ठिकाणी जवळजवळ तेच वाक्य सापडले : मांडणी सुबक, मुखपृष्ठ समर्पक, मुद्रणदोष तुरळक, एकंदरीत पुस्तक वाचनीय आणि संग्राह्य. चित्रण आठ, ध्वनी सात, मजा सहा, सरासरी सात. 'संग्राह्य' हा आपला सातच आहे. त्यानेही कुणी दुखावत नाही, त्यासाठीही पूल ओलांडावा लागत नाही. हिंदी, कन्नड, बंगाली वाचकांनी आपापल्या भाषेतला 'संग्राह्य' शोधून पाहावा; फार शोधावे लागणार नाही.

तेव्हा दोष फक्त आकड्यात नाही. तो कुठे आहे, हे समजायला मला नाटकाची मदत झाली.

मराठीत आपण सिनेमाचा 'खेळ' म्हणतो, तमाशाचा 'खेळ' म्हणतो आणि नाटकाचा 'प्रयोग'. नाटकावर लिहिणाऱ्यांना संहिता आणि प्रयोग यांतला फरक पक्का ठाऊक असतो. अमुक संहिता चांगली, पण अमुक दिवशीचा प्रयोग पडला, असे ते लिहू शकतात. गेममध्येही संहिता असते. ती करणाऱ्यांनी लिहिलेली, काढलेली, घडवलेली असते. पण प्रयोग मात्र खेळणारा करतो. परीक्षक इथे तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीत नसतो, तो रंगमंचावर असतो. मुख्य भूमिका त्याचीच. आणि तोच उद्या सकाळी त्या प्रयोगाचे परीक्षण लिहिणार असतो. स्वतःचा पाठ विसरला, तरी दोष संहितेच्या नावावर टाकण्याची मुभा त्याला आहे, आणि ते कुणाला कळणारही नाही. दहापैकी सात या आकड्यात संहिता किती आणि नट किती, हे सांगणारी खूणच नसते.

कुणी म्हणेल, कादंबरीचे वाचन हाही एक प्रयोगच असतो. प्रत्येक वाचक वेगळा. खरे आहे. पण मला १९९ वे पान समजले नाही म्हणून २०० वे पान चिकटून बसत नाही. पुस्तक मंद वाचकालाही शेवटपर्यंत जाऊ देते. गेम जाऊ देत नाही. मी पुलापाशी अडकलो की माझ्यापुरता गेम तिथेच संपतो, आणि मी लिहितो तो त्या तुकड्यावरचा लेख असतो. नवशिक्याने वैतागून सोडलेला गेम आणि मुरलेल्याने रात्रभर जागून संपवलेला गेम यांची संहिता एक असते, प्रयोग दोन.

'कपहेड' या गेमच्या वेळी २०१७ साली हे चव्हाट्यावर आले. एका अनुभवी पत्रकाराचा तो गेम खेळतानाचा व्हिडिओ प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या शिकवणीतली एक साधी उडी त्यांना कितीतरी वेळ जमेना. जगभर टिंगल झाली. ते परीक्षण नव्हते, नुसती झलक होती, तरी 'ज्याला खेळता येत नाही त्याने लिहू नये' असा निकाल लागला. मला मात्र तो व्हिडिओ प्रामाणिक वाटला. निदान नट दिसत तरी होता. आम्ही बाकीचे पडद्यामागे धडपडलो आणि पुढे येऊन निर्विकार चेहऱ्याने आकडा वाचून दाखवला.

नटाबरोबर रंगमंचही महत्त्वाचा. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला, तेव्हा परीक्षकांना आधी फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली, आणि स्वतः खेळलेले चित्रीकरण दाखवायलाही मनाई होती. कंपनीने पुरवलेलेच वापरायचे. पहिली सरासरी नव्वदच्या आसपास गेली. मग लोकांनी तो घरातल्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर लावला. तिथे तो अडखळत होता, बंद पडत होता. त्या आवृत्तीची सरासरी साठच्याही खाली राहिली. विक्रीला आल्यापासून जेमतेम आठवड्यात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून घेतला. नव्वदचा आकडा खोटा नव्हता. तो एका महागड्या यंत्रावरच्या प्रयोगाचा होता, आणि वाचला गेला सगळ्या प्रयोगांचा म्हणून.

वाचकांच्या हातात आकडा गेला तरी फरक पडत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस : भाग दोन' आला. संपवायला वीसहून अधिक तास लागणाऱ्या त्या गेमला लोकांनी काही तासांतच हजारोंनी शून्य दिले. पूल तर सोडाच, नदीही न पाहता. शेवटी मेटाक्रिटिकला नियम करावा लागला, की गेम आल्यावर पहिले ३६ तास वाचकांनी मत नोंदवायचे नाही. त्याच गेममध्ये अपंग आणि दृष्टिहीन खेळाडूंसाठी साठहून अधिक सोयी होत्या. आवाज आणि कंपनांच्या आधाराने, न पाहता तो पूर्ण खेळता येत होता. दृष्टिहीन खेळाडूसाठी हीच त्या गेमची पहिली ओळ. माझ्या जुन्या चौकटीत तिला रकाना नव्हता.

नटाची भाषाही प्रयोगात येते, हे मला 'वेण्बा'ने शिकवले. २०२३ सालचा हा छोटा गेम टोरंटोच्या व्हिसाई गेम्सचा. तमिळनाडूतून कॅनडात गेलेले एक जोडपे, त्यांचा मुलगा कविन, आणि आजीकडून आलेली, फाटकी-डागाळलेली पाककृतींची वही. खेळायचे ते स्वयंपाक करून. इडलीच्या पात्रातली ताटे एकमेकांवर कशी बसवायची, हे तिथे कोडे आहे. माझ्यासाठी ते कोडे नव्हतेच. खालच्या इडलीवर वरच्या ताटाचे भोक आले पाहिजे, म्हणजे वाफ फिरते आणि इडली चेपत नाही, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. ज्याने इडलीपात्र कधी पाहिले नाही त्याच्यासाठी तेच कोडे खरे. पण नंतर मोठा झालेला कविन आईची वही उघडतो आणि त्याचे तमिळ तोकडे पडते, तिथे मी कविनच्याच बाजूला उभा होतो. चेन्नईत वाढलेला खेळाडू तिथे आईच्या बाजूला उभा असेल. आईचे नाव वेण्बा, आणि वेण्बा हा तमिळमधला प्राचीन काव्यबंध. वडिलांचे नाव पावलन, म्हणजे कवी. परदेशात जाऊन घरातली भाषा मुलाच्या तोंडून निसटते आहे, आणि त्या घरातल्या दोघांची नावे कवितेची आहेत. मला हे एका तमिळ मित्राने सांगितल्यावर कळले, आणि माझा प्रयोगच बदलला.

'वेण्बा' दीडेक तासात संपतो. 'पैशाचा मोबदला' या रकान्यात त्याला मी २००९ मध्ये किती दिले असते? चार, फार तर पाच. त्याला पुढे पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, हे माझ्या मुद्द्याला पुरावा म्हणून मी सांगत नाही. पुरस्कार हाही एक आकडाच. मुद्दा एवढाच की तासांनी भागून कवितेची किंमत निघत नाही, हे साहित्याच्या वाचकाला सांगावे लागत नाही आणि गेमच्या परीक्षकाला अजून सांगावे लागते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला, तेव्हाही हेच झाले. भावाच्या शोधात निघालेली मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, राजस्थानी वाड्यांची आठवण देणारे महाल, छायाबाहुल्यांतून उलगडणारी गोष्ट. तो लहान आहे, शेवट तोडल्यासारखा आहे, हे आक्षेप खरेच आहेत आणि मलाही ते पटतात. पण त्यात दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगत असतात, आणि पहिल्या आवृत्तीत ते इंग्रजीत बोलतात. सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले तेव्हा मी तो पुन्हा खेळलो. संहिता तीच होती. माझ्या कानाला मात्र तो दुसरा गेम वाटला. आता 'राजी'ला किती गुण, यावर मी विचारेन : कुठल्या भाषेतल्या?

काहींनी आकडाच काढून टाकला. 'युरोगेमर'ने २०१५ साली गुण देणे थांबवले आणि 'अत्यावश्यक', 'शिफारस', 'टाळा' असे शिक्के आणले. २०२३ साली पाच तारे परत आले. 'पॉलिगॉन'ने २०१८ साली आकडे सोडले. या खटपटींबद्दल मला आदर आहे. पण आकडा गेला आणि त्याच्या जागी 'शिफारस' आले, म्हणजे चौकटीत सातऐवजी 'संग्राह्य' लिहिल्यासारखेच. नट अजून पडद्यामागेच.

म्हणून मी आता आकड्याशी भांडत नाही. ज्याला द्यायचा त्याने द्यावा. माझा आग्रह एवढाच, की आकड्याआधी प्रयोगाची नोंद यावी : कुठल्या यंत्रावर खेळलो, किती तास, सोप्या पातळीवर की अवघड, कुठे अडकलो, कुठे थांबलो, त्यातल्या कुठल्या भाषा मला येतात आणि कुठल्या येत नाहीत. याला पाच ओळी पुरतात. त्या पाच ओळी वाचल्यावर वाचक स्वतःच ठरवू शकतो, की हा नट माझ्यासारखा आहे की नाही. गेमबद्दल कधी लिहिले तर मी आता त्या ओळींनीच सुरुवात करतो. आणि खरे सांगायचे तर पुस्तकांवर लिहितानाही मनातल्या मनात त्या लिहून घेतो. काही पुस्तके त्यामुळे परत उघडावी लागली आहेत.

गेल्या पावसाळ्यात मी तो जुना गेम शोधला. आताच्या संगणकावर तो धड चालेना. भाच्याने खटपट करून चालू करून दिला. पूल ओलांडायला मला तीन संध्याकाळी लागल्या. युक्ती अगदी साधी होती, २००९ मध्येही ती तिथेच होती. पलीकडे तेच गाव पुन्हा येते, फक्त आपण नदीच्या दुसऱ्या काठाने आत शिरतो, आणि आधी गप्प असलेली माणसे बोलू लागतात. कल्पना चांगली आहे. पण बोलणे लांबते, काही जागी तेच तेच होते, आणि शेवट मला पटला नाही.

म्हणजे कदाचित आजही मी त्याला दहापैकी सातच दिले असते. पण तो सात मी पलीकडे जाऊन दिलेला असता, आणि सांगलीच्या त्या मुलाशी त्यावर मला भांडता आले असते.